आपले दुपारचे खून

मामी, सगळे गेले. मंडपवाला कनाती सोडून घेऊन गेला, भाड्याची पातेली परत गेली, मखमलाबादची मंडळी टेम्पोत बसून गेली. जाता जाता तुमची धाकटी बहीण मला म्हणाली, "सर, आता तुमी बी जरा पडा." पडलो. झोप काही लागली नाही. घरात माणसं असेपर्यंत दमल्याचं कळत नाही. ती गेली की गुडघ्यापासून खांद्यापर्यंत सगळं एकदम दुखायला लागतं. म्हणून उठलो आणि तुमच्याशी बोलायला बसलो.

तेराव्यापर्यंत तुमच्याविषयी इतकं चांगलं ऐकलं की ही बाई नक्की कोण, असं मला वाटायला लागलं. कष्टाळू होत्या, फुलांच्या मळ्यात उभं आयुष्य काढलं, पोरांना मार्गी लावलं, कधी कुणाला वर तोंड करून बोलल्या नाहीत. शेवटचं तर साफ खोटं. बाकी खरं असेल. पण जेवणं झाली, ओटा पुसून झाला की खुर्ची खिडकीपाशी ओढून घेऊन "चला पाव्हणं, आज कोणाला मारायचं?" असं विचारणाऱ्या बाईंचं नाव कुणी काढलं नाही. माझी तर सगळी ओळख त्याच बाईंशी.

तुम्ही माझ्या सासूबाई. लग्न झाल्यापासून मी तुम्हाला मामी म्हणत आलो आणि तुम्ही मला पाव्हणं. पुढं तुम्हीच नाशिक रोडला आमच्या फ्लॅटमध्ये राहायला आलात, माझ्या खुर्चीत बसायला लागलात, माझ्या कपातून चहा प्यायला लागलात, तरी पाहुणा मीच. ते शेवटपर्यंत बदललं नाही.

मला तुम्हाला एकच गोष्ट विचारायची होती आणि ती विचारायचं धाडस झालं नाही. तुमच्या पोटात काय वाढतंय ते आम्ही घरातल्या सगळ्यांनी तुमच्यापासून लपवून ठेवलं होतं. तुम्हाला ते कळलं होतं का? आता उत्तर मिळालंय. पण शेवटचं पान आधी उघडायचं नाही हा आपला नियम, तेव्हा क्रमानं सांगतो. माझ्या बाजूनं हे सगळं कसं दिसत होतं ते तुम्हाला कधी सांगितलेलं नाही.

सुरुवात तुमच्या मोतीबिंदूपासून झाली. ऑपरेशन आमच्याकडं करायचं ठरलं, म्हणून भाऊसाहेबांनी, म्हणजे तुमच्या मुलानं, तुम्हाला आणून सोडलं. डॉक्टरांनी टीव्ही बंद केला. तुमची लेक कल्पना तेव्हा नोकरीवर जात होती. दुपारभर घरात तुम्ही आणि मी, शाळेतून नुकताच निवृत्त झालेला इंग्रजीचा मास्तर. सासू आणि जावई एका खोलीत बसले की दोघंही पंख्याकडं बघत बसतात. आपण तेच केलं. शेवटी मी कंटाळून पुस्तक उघडलं आणि थोड्या वेळानं मला हसू फुटलं.

"काय झालं वो हसायला?" तुम्ही विचारलं.

"काही नाही. एक माणूस मेलाय."

"मंग हसताय कशापायी?"

आता आली का पंचाईत! मग मी सांगायला लागलो. इंग्लंडातल्या एका खेड्याबाहेर मोठ्ठा बंगला आहे. शनिवार-रविवार राहायला पाहुणे आलेत. सकाळी मोलकरीण बिलियर्डच्या खोलीत पडदे सरकवायला जाते तर टेबलाखाली एक सरदार मरून पडलेले. ती किंचाळते. घरची मालकीण जिन्यावरून खाली येते, प्रेताकडं बघते आणि म्हणते, "बाई गं! आता नाश्ता किती वाजता मांडायचा?"

तुम्ही डोळ्यावरचा हिरवा चष्मा सावरत इतक्या हसलात की मला टाक्यांची काळजी वाटली. "आमच्यात मयत झाली तर चूल पेटत नाय," तुम्ही म्हणालात, "आन् हितं नाश्ता!" जरा शांत झालात. मग म्हणालात, "मंग? केला का नाय त्यांनी नाश्ता?"

त्यांनी नाश्ता केला, मामी. आणि आपण दोघं त्यात अडकलो ते अडकलोच. डोळे बरे झाले, तुम्ही परत मळ्यात गेलात, पण आठवडाभरात भाऊसाहेबांचा फोन आला की आईचं मन लागत नाहीये. तिला डोळा परत दाखवायचा म्हणतेय. डोळ्याला काहीही झालेलं नव्हतं. तुम्हाला त्या सरदाराचा खुनी हवा होता.

काय होतं त्या पुस्तकांत? शेजारच्या प्राध्यापकांनी एकदा तोंड वाकडं करून विचारलं होतं, "सर, अजून हेच वाचता?" मी काहीतरी सारवासारव केली. तुम्ही आतून ऐकत होतात. ते गेल्यावर म्हणालात, "त्यांना सांगायचं ना, लय बरं वाटतं म्हनून." यापेक्षा चांगलं उत्तर मला आयुष्यभर मास्तरकी करून सुचलं नसतं. बरंच वाटायचं. बंगला तोच, फाटकापासून दारापर्यंतचा लांब रस्ता तोच. म्हातारा श्रीमंत, मृत्युपत्र बदलायच्या बेतात. पुतण्या कर्जात. पुराच्या पाण्यानं पूल खचलेला, टेलिफोनची तार तुटलेली, म्हणजे बाहेरचा कुणी येऊ शकत नाही आणि आतला जाऊ शकत नाही. आणि अशाही वेळी सगळे संध्याकाळी कपडे बदलून जेवायला येणार, सूप गार झालं म्हणून नाक मुरडणार आणि एकमेकांचा अपमान करणार तोही इतक्या गोड शब्दांत की ज्याचा झाला त्यानं आभार मानावेत.

तो अपमान मराठीत आणायचं काम माझं. मला ते जमायचं नाही. एक बाई दुसरीला म्हणते, "हा रंग अंगावर घालायला धैर्य लागतं." मी सरळ भाषांतर करून मोकळा झालो. तुम्ही हात झटकलात. "आसं नाय वो. आमच्याकडं म्हनत्यात, 'तुमचं बरं हाय बाई, तुमाला कसलं बी चालतं.'" मी पुस्तक मिटून टाळी द्यायचा राहिलो, सासूला टाळी कशी द्यायची ते कळेना. त्या दिवसापासून टोमणे तुमच्याकडं आणि वर्णनं माझ्याकडं अशी वाटणी झाली.

दुसरी अडचण नावांची होती. ती इंग्रजी नावं तुमच्या लक्षात राहायची नाहीत. दहा माणसं एका टेबलाशी बसली की तुमचा गोंधळ व्हायचा. त्यावर तोडगा तुम्हीच काढलात. पहिल्या प्रकरणानंतर तुम्ही मला थांबवायचात आणि एकेकाला आपल्या नातेवाइकांत बसवायचात. तोंडात पाइप धरून जुन्या लढाया सांगणारा कर्नल म्हणजे निफाडचे मावसे. सगळ्यांच्या खोलीत डोकावणारी आत्या म्हणजे तुमची वणीची विहीण. गोड बोलणारा, नोकरी न करणारा पुतण्या म्हणजे सटाण्याचा सुधाकर, आणि तो दर पुस्तकात तोच. एकदा नाव ठेवलं की तुम्हाला पानं उलटली तरी विसर पडायचा नाही. "मावसं व्हतं कुठं, चहा सांडला तवा?" असं विचारून तुम्ही मला मागची पानं शोधायला लावायचात.

याचा त्रास लग्नकार्यात व्हायचा. निफाडच्या मावशांनी तोवर तीन जणांना विष घातलेलं होतं आणि एकाला तळ्यात ढकललं होतं. ते बिचारे भाचीच्या लग्नात हातात मठ्ठ्याचा ग्लास घेऊन आपल्यापाशी आले, "घ्या, गार आहे." तुम्ही माझ्याकडं बघितलंत. मी तुमच्याकडं. तुम्ही ग्लास घेतला नाहीत. कल्पना नंतर दोघांवर भडकली. घरच्या माणसांना काय सांगणार, की सासू-जावई कशाला हसतात?

मी एकदा विचारलं होतं, "सगळ्यांना बसवलंत, मी कोण यात?" तुम्ही जराही विचार केला नाहीत. "त्यो नाय का, हेराच्या संगट फिरतो? ज्याला शेवटी समदं समजावून सांगावं लागतं?" मी रुसल्यासारखं केलं. तुम्ही म्हणालात, "चांगला माणूस हाय त्यो. त्याच्याबिगर गोष्ट कोण सांगनार?"

शेवटच्या प्रकरणाआधी वाचन थांबवायचं. मी चहा टाकायचा. चहा पिताना दोघांनी आपापला खुनी सांगायचा, कारणासकट. मग उरलेलं दुसऱ्या दिवशी. लोकांना वाटत असेल की आयुष्यभर माणसं पारखलेल्या तुमच्यासारख्या बाईचं बोट बरोबर खुन्यावर पडत असणार. छे! तुम्ही डॉक्टरवर संशय घ्यायचात. पुस्तक कुठलंही असो, डॉक्टर. "बॅग घिऊन फिरतोय, कोन विचारतंय त्याला?" आणि डॉक्टर निर्दोष निघाला की तुम्ही हार मानायचा नाहीत, लेखकाला दोष द्यायचात. त्यानं घाईत चुकीच्या माणसाला धरलं, खरा डॉक्टरच होता, पुढंमागं कळेल. अशी किती पुस्तकं आपण तुमच्या मते चुकीच्या निकालावर संपवली, देव जाणे.

एक भांडण मात्र गमतीचं नव्हतं, आणि ते मिटलंही नाही. एका पुस्तकात हेर शेवटी सगळ्यांना दिवाणखान्यात बसवतो. शेकोटी पेटलेली, हातात पेले. आणि एकेकाचं गुपित बाहेर काढत काढत तो खुन्यापर्यंत येतो. त्यात घरची म्हातारी कारभारीण असते. तिला सगळं आधीपासून माहीत असतं, ती गप्प राहिलेली असते. हेर तेही सांगून टाकतो, सगळ्यांसमोर. मी ते रंगवून वाचलं, मला तो भाग फार आवडतो. तुम्ही चिडलात.

"त्याला कळलं ना? मंग गप बसायचं. म्हातारीची आब्रू चारचौघांत काढायची काय गरज व्हती?"

"मामी, अहो मग पुस्तक संपणार कसं? खरं बाहेर यायलाच पाहिजे."

"खरं काय पळून चाललंय?" तुम्ही म्हणालात. "ते हितंच हाय. ज्याला कळायचं त्याला कळलंय."

मी म्हणालो, माहीत असून न सांगणं हीसुद्धा एक प्रकारची फसवणूक आहे. तुम्ही म्हणालात, मास्तर लोकांना सगळं फळ्यावर लिहिल्याशिवाय खरं वाटत नाही. दोन दिवस तुम्ही दुपारी झोपून राहिलात आणि मी एकटा वाचत बसलो. एकट्यानं वाचताना मला एकही टोमणा धड लागला नाही. तिसऱ्या दिवशी तुम्हीच खुर्ची ओढलीत, पण त्या विषयावर आपण दोघंही मागं हटलो नाही.

मग मागच्या पावसाळ्यात तुमचं पोट दुखायला लागलं. तपासण्या झाल्या. डॉक्टरांनी भाऊसाहेबांना आणि मला आत बोलावून सांगितलं. बाहेर जिन्यात भाऊसाहेब भिंतीला टेकून उभे राहिले आणि म्हणाले, "आईला नाय सांगायचं, सर. धसका घेईल ती." मी मान डोलावली. आपल्याकडं असंच करतात. आजारी माणसाला सोडून गावभर सगळ्यांना माहीत असतं. तुम्हाला अल्सर झालाय, असं ठरलं.

आम्ही काय काय केलं! दवाखान्याच्या दर्शनी फाटकावर आजाराचं नाव मराठीत मोठ्या अक्षरांत लिहिलेलं, म्हणून रिक्षा मागच्या बाजूला, कँटीनपाशी नेली. तुम्ही विचारलंत, "फुडलं दार बंद असतं व्हय?" मी म्हणालो, तिकडं गर्दी असते. गोळ्या पाकिटातून काढून जुन्या डब्यांत भरल्या. दिवाळीशिवाय न उगवणारे भाऊसाहेब दर रविवारी मोसंबी घेऊन यायला लागले. तुमच्याशी ज्यांचं कधी पटलं नाही त्या वहिनी, म्हणजे तुमच्या सूनबाई, तुमचे पाय चेपत बसायला लागल्या. मी स्वयंपाकघरात शिरलो की तिथलं बोलणं तुटायचं आणि सगळे एकदम हवापाण्यावर बोलायला लागायचे. मला वाटायचं, माझ्या चपलांचा आवाज यांना तुमचाच वाटतो. आणि मनात म्हणायचो, काय हे कच्चं काम! पुस्तकात असं कुणी वागलं असतं तर मामींनी दुसऱ्या प्रकरणात सगळ्यांना आत टाकलं असतं.

मला सर्वांत अवघड काम दिलं होतं. कल्पना म्हणाली, "तुम्ही दुपारी नेहमीसारखं वाचत राहा. तुमचा आवाज बदलला तर आईला संशय येईल." मरणाच्या दारातल्या माणसाला मरणाच्या गोष्टी वाचून दाखवायच्या, त्याही हसून. पहिले काही दिवस पुस्तक उघडण्याआधी मी चष्मा पुसत वेळ काढायचो. मग मीच मनाची समजूत घातली: मामींना काही माहीत नाही, मग आपण कशाला घाबरायचं? तेवढ्या भरवशावर मी पुन्हा बिनधास्त मारायला लागलो. कुणाला जिन्यावरून ढकललं, कुणाच्या कॉफीत काहीतरी घातलं. तुम्ही उशांना टेकून ऐकायचात. वर्णनांना तुमच्यात दम उरला नव्हता. "धुकं ऱ्हाऊ द्या वो पाव्हणं. मढं कुठं घावलं ते सांगा." मी धुकं गाळायचो, बाग गाळायचो.

आणि एकदा म्हणालात, "आता जाड बुक नका आनू. बारीक आना." मी शालिमारला जाऊन जुन्या पुस्तकवाल्याकडून मूठभर बारीक पुस्तकं आणली आणि मोठ्या कौतुकानं तुमच्यापुढं ठेवली. तुम्हाला बसवत नाही, म्हणून बारीक हवीत, एवढंच मला कळलं.

तुम्ही गेलात त्या दिवशीही आपलं काही अर्धवट राहिलेलं नव्हतं. आदल्या दुपारी खुनी सापडला होता. अर्थातच डॉक्टर नव्हता. तुम्ही डोळे मिटूनच "चुकलं त्याचं" म्हणालात, आणि मी चहाचे कप विसळायला आत गेलो.

दहावा रामकुंडावर केला. भाऊसाहेबांनी डोकं केलेलं, ओल्या पंच्यात उभे, एकदम लहान पोरासारखे दिसत होते. पिंड ठेवला. कावळे होते, कठड्यावर, वडावर, पण एकही खाली येईना. खरं सांगायचं तर रामकुंडावरचे कावळे सकाळी उन्हं वर येईपर्यंत पोट भरून बसलेले असतात, हे तुम्हीच एकदा म्हणाला होतात. पण तिथं उभं राहिल्यावर हे कुणाला सुचत नाही. आईचं काहीतरी मागं राहिलंय, एवढंच सगळ्यांच्या तोंडावर. मग एकेक जण पुढं आला. भाऊसाहेब म्हणाले, "आई, मळा मोडणार नाय." वहिनी म्हणाल्या, "कल्पनाताईंचं माहेर तुटू देणार नाय." तुमची बहीण म्हणाली, धाकट्या नातीचं लग्न थाटात करू. निफाडचे मावसेही हात जोडून काहीतरी पुटपुटले. मला आपला चहा आठवत होता. सगळे जण आपापला अंदाज सांगत होते आणि कुणाचाच लागत नव्हता.

मीही पुढं झालो. मोठ्यानं काही बोललो नाही. मनात म्हणालो, मामी, आम्ही लपवलं. तुम्हाला कळलं होतं का, तेवढं सांगा. कावळ्यानं मान वळवून दुसरीकडं पाहिलं.

शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा केला आणि तो शिवला. तुम्ही असतात तर ते मान्य केलं नसतं. गोष्टीत आधी कुठंही नसलेला माणूस शेवटच्या पानावर आणायचा आणि त्याच्यावर सगळं ढकलून मोकळं व्हायचं, याची तुम्हाला भयंकर चीड होती.

मंडळी चहाला गेली. कल्पना मला पायऱ्यांवर एका बाजूला घेऊन गेली. ती खाली बसली, म्हणून मीही बसलो.

"कावळा का शिवत नव्हता ते मला माहीत होतं," ती म्हणाली. "आईनं माझ्याकडून वचन घेतलं होतं. ती गेली की तुम्हाला सांगायचं. इतके दिवस झाले, माझ्या तोंडून निघेना. तिथं सगळ्यांपुढं कसं बोलू?"

"काय सांगायचं?"

"तिला सगळं माहीत होतं."

मी विचारलं, कधीपासून.

"दवाखान्यातून पहिल्यांदा आणलं ना, त्याच दिवशी. मी भाकरी टाकत होते. ओट्यापाशी आली आणि म्हणाली, कॅन्सर हाय ना गं? मला रडू आलं. तर म्हणाली, तव्याकडं बघ, करपंल."

"आणि भाऊसाहेब? त्यांना हे सांगितलं नाहीस?"

"दादाला तिनंच सांगितलं, पुढच्याच रविवारी. वहिनीला माहीत होतं, मावशीला माहीत होतं. सगळ्यांना माहीत होतं." ती पदराशी चाळा करत राहिली. "फक्त तुम्हाला नाही."

"मग ते लपवणं? त्या गोळ्या, ते मागचं फाटक?"

"पहिल्या दिवसाचं खरं होतं. नंतरचं सगळं तुमच्यापुढं."

कल्पना पुढं म्हणाली, अगदी तुमच्या आवाजात, लेकीला जमतं तसं, "पाव्हण्यांना कळू दिऊ नका मला म्हाईत हाय म्हनून. त्यांचा आवाज बदलंल. मढ्याचं नाव आलं की घुटमळत्याल. मंग त्यात काय मजा ऱ्हायली? माझी दुपार तेवढी नीट ऱ्हाऊ द्या."

म्हणजे बोलणं तुटायचं ते मी आल्यावर तुटायचं. चपलांचा आवाज सगळ्यांना बरोबर ओळखू येत होता. मोसंबी घेऊन येणारे भाऊसाहेब आईशी मनातलं बोलून घ्यायचे आणि मी दारात दिसलो की हसरा चेहरा करायचे, ते माझ्यासाठी. वहिनी पाय चेपत असताना तुम्ही दोघींनी एकमेकींची माफी मागून घेतली होती, हे मला कल्पनानं रिक्षात सांगितलं. आणि बारीक पुस्तकं! किती दिवस उरलेत त्या हिशेबानं तुम्ही पुस्तकं मागत होतात, आणि मी ती पुढ्यात मांडून वर विचारत होतो, "यातलं कुठलं आधी?" सगळे पुरावे माझ्या नाकासमोर होते, मामी. मी फक्त चुकीच्या माणसावर लक्ष ठेवून बसलो होतो.

राग आला. अजून आहे. सगळ्यांना तुमचा निरोप घेता आला, मला नाही. दोघांनाही माहीत आहे अशी एक तरी दुपार आपल्याला मिळायला हवी होती. मी काय बोललो असतो ते मला नीट माहीत नाही. कदाचित एवढंच, की माझी आई मी लहान असताना गेली आणि माझ्याशी रोज दुपारी भांडणारं घरात कुणी नव्हतं, ते तुम्ही आलात तेव्हा मिळालं. हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. सांगायची संधी तुम्ही काढून घेतलीत. त्या कारभारणीसारख्या माहीत असून गप्प राहिलात, आणि भांडण स्वतःच्या बाजूनं मिटवून टाकलंत. मी अजूनही म्हणतो की ते बरोबर नव्हतं.

पण रागावून रागावून तरी किती रागवणार? मला त्या दुपारी आठवतात. उशांना टेकलेल्या तुम्ही, सुधाकर पुन्हा एकदा कर्जात, निफाडचे मावसे पडद्यामागं, आणि तुमच्या पोटात कळ येत असताना तुम्ही "थांबा वो, आधी टोमणा नीट म्हना" म्हणून मला तीच ओळ परत वाचायला लावलेली. तुम्हाला सगळं माहीत होतं, आणि तरी तुम्ही हसत होतात ते खोटं नव्हतं. खोटं हसू मला ओळखू येतं, एवढी वर्षं वर्गात काढलीत. तुम्हाला खरोखर मजा येत होती. माझ्या हातून कुणाला इतकं सुख मिळालेलं मला दुसरं आठवत नाही. त्याबद्दल तुमचे आभार कसे मानू ते कळत नाही, मामी. फार आभार.

आज सगळे गेल्यावर कल्पनानं ओटा पुसला, हात कोरडे केले आणि खिडकीपाशी येऊन बसली. राहिलेल्या बारीक पुस्तकांतलं एक तिनं माझ्या हातात दिलं. "वाचा ना," ती म्हणाली. "मला कधी कुणी वाचून दाखवलेलं नाही."

मी चष्मा लावला. पहिलं पान उघडलं. मोठा बंगला, पाहुण्यांनी भरलेली मोटार फाटकातून आत येतेय, मालकीण दारात उभी आहे. सोपं इंग्रजी, एकही अवघड शब्द नाही. मी पहिली ओळ म्हणायला तोंड उघडलं आणि गळ्यातून नुसती हवा आली. घसा खाकरला, पाणी प्यायलो, परत सुरुवात केली. मोटार फाटकाच्या आत काही येईना.

कल्पनानं माझ्या हातातून पुस्तक काढून घेतलं.

"बघा," ती म्हणाली, "आई हेच म्हणत होती."